छत्रीवरची हळद

उष्टी हळद जेवणाच्या आत यायला हवी होती. नवऱ्याच्या गावाहून, वैशाखऱ्याहून निघालेला टेम्पो मुरबाडात चहाला थांबला तरी उन्हं डोक्यावर येईतो शेणव्यात पोचतोच, असं कोंडू मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. कोणी विचारलेलं नव्हतं तरी सांगत होता. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे यायची आणि मगच नवरीच्या अंगाला हळद लागायची, हा रिवाज काही एकट्या कोंडूच्या घरचा नव्हे. पण तिची वाट बघताना बापाची काय गत होते, ते त्या दिवशी त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा होता आणि वैशाखाच्या उन्हानं पानं आताच मलूल झाली होती. लग्नाची गाणी म्हणायला बोलावलेल्या सरस्वती धवलारणीची सगळी गाणी म्हणून झाली होती. कोरा चहा पिऊन तिनं पहिलंच गाणं पुन्हा धरलं, आणि मागच्या बायकांनीही काही लक्षात न आल्यासारखं ते ओढलं. लग्नघरात एवढा समजूतदारपणा असतोच. आत कुणाली जुनी पिवळी साडी नेसून बसली होती, समोर रिकामा पाट आणि मांडीवर उपडा ठेवलेला मोबाइल. उद्या तिचं लग्न होतं आणि ओमकारचा सकाळपासून फोन नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुरबाडच्या छत्रीच्या कारखान्याला सकाळी कुलूप लागलं होतं.

सैन्यातले जवान विमानातून उडी मारतात त्या हवाई छत्र्या तिथं शिवल्या जात. कोंडूची थोरली सून भाविका तिथं दुहेरी सुईच्या मशिनवर बसायची, तिचा नवरा मनोज ती मशिनं दुरुस्त करायचा, आणि खुद्द काशी, कोंडूची बायको, घडीच्या टेबलाशी उभी राहून शिवणीचे लोंबते दोरे कापायची. होणारा जावई ओमकार तिथंच कापड बेतायचा. भाविकानंच त्याला हेरलं आणि नणंदेसाठी शब्द टाकला. थोडक्यात काय, या घरातला भात, दिवे आणि आता सोयरीकसुद्धा त्या एका शेडमधून आली होती. ती शेड सरकारच्या ऑर्डरवर चालायची, आणि सरकार यापुढं छत्र्या परदेशातून घेणार होतं.

कागद चिकटवून शेठ मोकळा झाला. मॅनेजर मात्र गेटवर थांबला आणि जाता जाता बोलून गेला, की चाचणीत आपल्या छत्र्या नापास झाल्या, आणि चाचणीच्या उड्या मारणाऱ्यांत शेणव्याचा एक हवालदार होता. शेणव्यात छत्रीची उडी मारणारा हवालदार एकच होता. तो काशीचा धाकटा मुलगा दीपेश. बहिणीच्या लग्नाला रजा काढून आलेला, आणि या घटकेला मांडवाच्या खांबाला केळीचा खुंट बांधत होता.

काशीला यातलं कोणी काही धड सांगितलं नव्हतं. कारखाना बंद झाला एवढं तिला कळलं होतं. असा तो मधूनमधून बंद व्हायचा, ऑर्डर संपली की, आणि मग पुन्हा कारखान्याची जीप यायला लागायची. तिनं पहाटेच हळद कुटून ठेवली होती आणि तिची बोटं पिवळीधमक झाली होती. वाडीत कोणाचीही मुलगी पाटावर बसली की पहिलं बोट काशीचं. हा मान तिला सासूकडून, गंगीकडून आला. घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या प्रत्येक चीजवस्तूला गंगी हळदीची पाच बोटं लावायची. नवा बैल, भाताची कणगी, कोंडूची सायकल. दीपेश भरती होऊन निघाला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेला तिनं बोटं लावली, ती शेवटची. त्याच पावसाळ्यात ती गेली. मग ते काम काशीकडे आलं, आणि काशी ते सासूपेक्षाही नेटानं करत आली होती. आपली मुलं जगली, नांदली, त्यात त्या बोटांचा वाटा आहे असं ती मनापासून मानायची. तिच्याशी यावर वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

मनोजनं भावाला मागीलदारी बोलावलं. तिथं चुलाणावर जेवणाचा भात रटरटत होता आणि धुरामुळं कोणी फार वेळ थांबत नव्हतं.

"चाचणीला तूच व्हतास ना?"

"व्हतो," दीपेश म्हणाला.

"मंग घरात बोलला का नाय?"

"बोलायची परवानगी नसते, दादा."

मनोजला संताप आवरेना. दोन भावांत हा थोरला, पण भरतीला धावला तेव्हा छातीच्या मापात नापास झालेला. धाकटा पास झाला तेव्हा गावात पेढे यानंच वाटले होते. आज ते सगळं उलटं होऊन वर आलं. तो बोलत सुटला. कारखाना कसा चालतो हे तुला ठाऊक आहे का, म्हणाला. एक ऑर्डर येते, बाया शिकतात, त्यांचा हात बसतो, आणि हात बसला की ऑर्डर संपते. मग वर्ष वर्ष मशिनं फडक्याखाली. बाया लावणीला जातात, वीटभट्टीला जातात, बोटं राठ होतात. पुन्हा ऑर्डर आली की पुन्हा पहिल्यापासून. आणि मग तुमचे साहेब म्हणणार, देशातला माल बरोबर नाही.

दीपेशनं सगळं ऐकून घेतलं. तो मुळात कमी बोलणारा, आणि फौजेत गेल्यापासून आणखी कमी.

"बाहेरची बरी वाटली ना तुला?" मनोजनं विचारलं.

इथं दीपेशनं खोटं बोलायला हवं होतं, पण भावाशी ते त्याला कधी जमलंच नाही. "जड सामानाला बरी हाय," तो म्हणाला. "गुडघ्यांना कमी मार बसतो. आता पाठीवर पयल्यावानी हलकं ओझं नसतं."

"मंग तसली बनवा म्हनून आमाला कोनी सांगितलं? कधी सांगितलं?"

"वरून उडी टाकताना मी छत्री कुठल्या देशाची ते बघत नाय, दादा. उघडते का, एवढंच बघतो."

"आमची उघडली नाय का?"

चुलाणातलं एक लाकूड बाहेर आलं होतं, ते दीपेशनं पायानं आत सारलं.

भाविका पाण्याची कळशी घेऊन तिथंच आली होती. सकाळपासून ती एकटीच दिराच्या बाजूनं बोलत होती. गेटवरून जी बाई येईल तिला ती सांगायची, हवालदाराच्या हातात काय असतं, वरचे ठरवतात. नवऱ्यालाही तिनं तेच सुनावलं होतं. पण तिच्या पोटात एक प्रश्न होता आणि तो कारखान्याच्या कुलपापेक्षाही तिला जास्त छळत होता. दुहेरी सुईवर तिच्याइतकी सरळ शिवण शेडमध्ये कोणाची नव्हती. आठवडाभर मान मोडून तिनं त्या चाचणीच्या छत्र्या शिवल्या होत्या. त्यातली एखादी आपल्या दिराच्याही पाठीवर जाईल असं मनात धरून आधी शिवली नसेल अशी शिवली होती.

"भावोजी," ती म्हणाली, "शिवण सुटली का?"

"नाय, वयनी. एक टाका सुटला नाय."

"कापड फाटलं?"

"नाय."

"मंग कशात नापास?"

दीपेशनं तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. भाविकानं ती नजर ओळखली. हा माणूस काहीतरी दडवतोय. आणि दडवतोय ते स्वतःला वाचवायला, असंच तिला वाटलं. कोणालाही वाटलं असतं. शिवण सुटली असती तर तिनं ते सोसलं असतं, रात्रभर रडली असती आणि सोसलं असतं. पण शिवण धड, कापड धड आणि तरी नापास, म्हणजे मग तोंडानंच नापास केलं. तिनं कळशी खाली ठेवली.

"शिवण सुटली नाय, कापड फाटलं नाय. मंग नापास तुमीच केलीत," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

इतक्यात पुढच्या अंगानं मोटरसायकलचा आवाज आला. टेम्पो नव्हता, वाजंत्री नव्हती. ओमकारचा बाप लडकू एकटाच आला होता आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. सरस्वतीचं गाणं मध्येच तुटलं. कोंडूनं धावत जाऊन खुर्ची मांडली, गूळपाणी आणायला सांगितलं. लडकू बसला, पण त्यानं पाण्याचा तांब्या घेतला नाही. तो न घेतलेला तांब्या साऱ्या मांडवानं पाहिला. आत दाराच्या फटीतून कुणालीनंही पाहिला.

लडकू वाईट माणूस नव्हता. या सोयरिकीसाठी त्यानं स्वतः चार खेपा केल्या होत्या, हुंड्याचा विषय आपणहून बाजूला सारला होता. आता तो जमिनीकडे बघत बोलत होता. वैशाखऱ्यातनं कारखान्याची जीप भरून बाया जायच्या; त्या सगळ्या सकाळी घरी परत आल्या. त्यांनीच ओमकारला हळद लावायची होती. लावली. लावता लावता बातमी पूर्ण कळली, हवालदार कोण ते कळलं, आणि त्यांनी वाटी खाली ठेवली. ही हळद त्या घरी न्यायची नाही, म्हणाल्या. ओमकार घरात दार लावून बसला आहे, फोन बंद करून.

"गावाला सोडून मी पोराचं लगीन कसं लावू, कोंडूदादा?" लडकू म्हणाला. "मना एक वाट दिसते. दीपेशनं आता माझ्यासंगं यावं. देवळापुढं उभं ऱ्हावं आनि सांगावं, छत्र्या चांगल्या व्हत्या. साहेबांनी पैसे खाल्ले आनि बाहेरच्या घेतल्या. एवढं सांगितलं का मी हळद घेऊन परत येतो."

सगळ्यांच्या माना दीपेशकडे वळल्या. तो खांबाशी उभा होता, हातात अजून केळीच्या सोपटाची दोरी.

"छत्र्या चांगल्या व्हत्या हे सांगतो," तो म्हणाला. "देवळापुढं काय, कुठंबी सांगतो. साहेबांनी पैसे खाल्ले हे नाय सांगनार. मला ठाऊक नाय ते."

"चांगल्या व्हत्या तर नापास का झाल्या?" लडकूनं विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

कोंडू उठला. आयुष्यात त्यानं या मुलाकडे काही मागितलं नव्हतं. धाकट्यानं पाठवलेल्या पैशांतून कौलं जाऊन पत्रा आला तेव्हाही त्यानं ‘बरं झालं’ एवढंच म्हटलं होतं. आता त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "एक वाक्य बोल रे," तो म्हणाला. "तुझ्या बहिनीसाठी बोल. साहेबाला कुठं ऐकू जातंय?" मनोज म्हणाला, याच्यासाठी देश मोठा, बहीण लहान. भाविका मनोजच्या शेजारून हलली नाही, आणि तेच दीपेशला जास्त लागलं. मांडवात त्याच्या बाजूचं माणूस आता एकही उरलं नव्हतं.

तेव्हा काशी बाहेर आली. धाकट्यावर सगळे मिळून बोलताहेत एवढंच तिला आतून ऐकू आलं होतं. ती पिवळे हात पदराला न पुसता तशीच लडकूसमोर येऊन उभी राहिली.

"पावनं, माझा पोर त्या छत्र्यांचं वाईट करंल कसा?" ती म्हणाली. "त्या छत्र्यांना माझी हळद लागलीय."

लडकूला काही उमगलं नाही. मनोजनं मात्र मान झटकन वर केली.

"कसली हळद, आये?"

काशीनं आनंदानं सांगितलं. हेच सांगायचं तिच्या मनात कितीतरी दिवस होतं. देवाधर्माचं बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो म्हणून ती गप्प राहिली होती. दीपेशच्या तोंडून फोनवर एकदा निघून गेलं होतं, की तुमच्याकडच्या छत्र्या घेऊन आता आम्ही उडी मारणार. मग तिनं पदराच्या गाठीत हळद नेली. तपासणी होऊन छत्री घडीला आली की दोरे कापता कापता, आतल्या अंगाला, जिथं दोऱ्या येऊन मिळतात त्या पट्टीवर, तिनं थुंकीनं बोटं ओली करून पाच बोटं लावली आणि वर घडी घातली.

"याच्या वाट्याला कुठली यील ते मना कसं कळायचं?" ती म्हणाली. "म्हनून समद्यांना लावली. समद्या कुनाच्या ना कुनाच्या पोराच्याच ना."

मांडवात निम्म्या बाया कारखान्यातल्या होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. शेडमध्ये शिरताना हात साबणानं धुवायचे, बांगड्या वर सारून फडकं बांधायचं, डोक्याचं तेल कापडाला लागू द्यायचं नाही, हे प्रत्येकीच्या अंगवळणी पडलेलं होतं. भाविकाला एकदा मेंदीच्या हातांसाठी आठवडाभर घरी बसवलं होतं. छत्रीच्या कापडावर कसलाही डाग चालत नाही. कशानं कापड आतून कुजेल आणि ऐन आभाळात फाटेल ते सांगता येत नाही, म्हणून डाग दिसला की माल बाजूला. हे काशीलाही ठाऊक होतं. इतरांच्या हाताला स्वयंपाकाची हळद दिसली तर तीच त्यांना धुवायला पाठवायची.

मनोज भावाजवळ गेला.

"डाग सापडला व्हता?"

दीपेशनं मान हलवली.

त्याला ती सकाळ स्वच्छ आठवत होती. उडी छान झाली होती. वहिनीनं शिवलेली छत्री वर उघडली तेव्हा तो एकटाच हवेत हसला होता, आणि शेतात उतरावं तसा अलगद उतरला होता. उतरल्यावर छत्र्या लांब टेबलावर पसरून बघतात. तिथं आतल्या पट्टीवर पाच पिवळी बोटं निघाली. मधलं बोट किंचित बाहेरच्या अंगाला वळलेलं. भात कापताना विळा लागून आईचं ते बोट तसं झालेलं त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. दुसरी छत्री उघडली, तिच्यावरही तेच. तिसरीवरही. साहेबानं सगळ्यांना विचारलं, हे काय आहे, कोणाला काही माहिती आहे का. दीपेश म्हणाला, नाही सर.

तो का खोटं बोलला ते त्याला अजूनही नीट सांगता आलं नसतं. हळद आहे म्हणालो तर लावली कोणी ते विचारणार. कारखान्यात माणसं जाणार, टेबलावरच्या बायांना उभं करणार, त्यात आई. आणि मेसमध्ये पोरं हसणार, यांच्याकडे छत्रीला पण हळदकुंकू होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मग डाग कसला ते कळत नाही असा शेरा बसला आणि सगळा माल बाजूला गेला. तेव्हापासून तो ते पोटात घेऊन फिरत होता, आणि मरेपर्यंत फिरायला त्याची ना नव्हती. आईला कळू नये एवढंच त्याला हवं होतं. दुपारभर त्यानं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या एवढ्यासाठीच, आणि आईनंच येऊन सगळं सांगून टाकलं.

काशी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आपण काहीतरी चांगलं सांगितलं आणि कोणी हसत का नाही, हे तिला कळेना. मग हळूहळू कळायला लागलं.

"डाग?" ती म्हणाली. "हळदीला डाग म्हनतात?"

"आये, नुसतं तेवढंच नाय," दीपेश घाईघाईनं म्हणाला. तो इतकं कधी बोलत नसे, पण आता बोलू लागला. बाहेरच्या छत्रीतही खोड होती, म्हणाला. तिची एक दोरी अडकायची. आम्ही तक्रार केली तर त्यांचा माणूस विमानानं आला, आमच्यात राहिला, दोरी बदलून देऊन गेला. आपल्या शेठला कोणी साधा फोनही केला नाही. हवं असतं तर डाग कसला ते विचारलं असतं, माल धुऊन परत मागितला असता, दुसरा शिवून घेतला असता. विचारायचंच नव्हतं कोणाला. बाहेरचं आधीच ठरत आलं होतं, त्यांना कारण हवं होतं.

"आनि ते आमी दिलं," भाविका म्हणाली.

तिला टोचून बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण ते ऐकून दीपेशचं बोलणं जागीच थांबलं, कारण त्यालाही हेच वाटत होतं. हळद नसती तर त्यांनी आपली छत्री घेतली असती का? कदाचित नसती घेतली. पण ते आता कोणालाच कधी कळणार नव्हतं.

लडकूला आता रागवायचं कोणावर तेच उरलं नव्हतं. शेवटी तो उठला आणि काशीकडे न बघता कोंडूशी बोलला.

"हळद पाठवतो. पोरांनी काय केलंय? दोघं बेकार तर बेकार, एका घरात तरी ऱ्हातील." पुढचं त्याला जड जात होतं. "पन आमच्याकडच्या बायांना हे आज ना उद्या कळनार. तवा एक करायचं. काशीबायनी हात लावायचा नाय. नवरीलाबी नाय, उद्या नवऱ्यालाबी नाय."

"लडकूकाका," दीपेश पुढं झाला.

"नाय लावत," काशी म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं, कोणी समजूत घातली नव्हती. दीपेशला तिनं हातानं मागं सारलं, आणि सारताना त्याच्या शर्टाला आपली बोटं लागू नयेत म्हणून हात मध्येच आखडता घेतला.

ऊन उतरल्यावर हळद आली. वैशाखऱ्याच्या दोन बाया रिक्षातून उतरल्या, पानानं झाकलेली वाटी त्यांनी पाटाशी ठेवली आणि चहाला न थांबता परत गेल्या. सरस्वतीनं गाणं धरलं. कुणालीला पाटावर बसवलं. पहिलं बोट कोणी लावायचं यावर क्षणभर सगळ्या अडल्या, मग सासूच्या जागी भाविका पुढं झाली. कुणालीच्या गालांवरून हळदीबरोबर पाणी ओघळत होतं आणि ती बायांच्या गर्दीतून सारखी मागच्या दाराकडे बघत होती. "आये कुठं गो?" तिनं वहिनीला हळूच विचारलं. भाविकानं तिचा चेहरा पुढं वळवला आणि कपाळाला हळद लावली.

काशी मागीलदारी दगडावर बसली होती. चुलाणातली राख घेऊन ती हात घासत होती. आधी साबणानं घासून झालं होतं. दीपेश तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिनं ते बंद करावं म्हणून त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं.

आतून गाण्याचा आवाज येत होता.

"ती उघडली व्हती ना रे?" तिनं विचारलं.

"उघडली, आये."

"समद्यांची?"

"समद्यांची उघडली. कुनाला खरचटलंबी नाय."

काशीनं हात थांबवले. राखेनं काळवंडलेली बोटं तिनं डोळ्यांपुढं धरली. खालचा पिवळा रंग तसाच होता.

"मंग?" ती म्हणाली.

दीपेशनं तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घालत राहिला.